बर्फाआधीचा डांबरी सराव

आपल्या बेळगावची थंडी म्हणजे डिसेंबरातली शेकोटी. त्यामुळे कोडगूच्या भवानी तेक्कडा नंजुंडा हिला बर्फावरच्या शर्यतीत पदक मिळाल्याचे वाचले, तेव्हा मला खरेच वाटेना. सप्टेंबर २०२५ मध्ये चिलीतील कोरालको येथे क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या ५ किलोमीटर शर्यतीत तिने कांस्यपदक पटकावले.

हा खेळ नुसता उतारावरून घसरण्याचा नाही. पायाला लांब पट्ट्या बांधून, दोन्ही हातांनी काठ्या रेटत चढही चढावा लागतो. भवानीच्या शर्यतीत खेळाडू ठरावीक अंतराने एकेक करून सुटतात. त्यामुळे झुंज मुख्यतः घड्याळाशी!

युरोपातील मोठा हंगाम नोव्हेंबरअखेर सुरू होतो. तोवर बर्फ नसेल तर चाकांच्या पट्ट्या बांधून डांबरी रस्त्यावर सराव चालतो. अव्वल खेळाडू वर्षाला ८०० तासांच्या आसपास घाम गाळतात आणि त्यातला बराचसा वेळ बोलता येईल इतक्या संथ गतीने. हंगामाच्या सुरुवातीला अंगात सरावाचा शीण असतो, वेळ मनासारखी येत नाही. जाणते प्रशिक्षक त्यावरून निकाल देत नाहीत. कुठे कमी पडतो तेवढे टिपून घेतात.

आपण पालक मात्र मुलगी पहिल्याच स्पर्धेत मागे पडली की ‘साकु, आता अभ्यास कर’ म्हणून मोकळे होतो. निदान एक हंगाम तरी तिला पुरता मिळू द्यावा, असे मला वाटते.