बेडपॅन धुण्याचे यंत्र
अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे बेडपॅन हाताने धुताना शिंतोडे उडतात, जंतू पसरतात आणि धोका धुणाऱ्या आयांनाच सर्वाधिक असतो. तो टाळणे हेच या बंद दाराच्या यंत्राचे खरे मोल. भांडे भरलेलेच आत ठेवतात. यंत्र ते रिकामे करते, आधी गार पाण्याने विसळते, कारण गरम पाण्याने प्रथिने भांड्याला चिकटतात. मग वाफेने भांड्याचा पृष्ठभाग किमान 80 अंश सेल्सिअसवर 1 मिनिट राखते. हे निर्जंतुकीकरण नव्हे. चिवट बीजाणू यातून वाचतात. त्यांच्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालची 121 अंशांची वाफ 15 मिनिटे द्यावी लागते. उघड्या भांड्यात पाणी उकळून हे तापमान गाठता येत नाही. उदाहरणार्थ, रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटरवर आहे. तिथे असे पाणी 99 अंशांच्या आसपासच उकळते. म्हणून नुसत्या उकळीने बीजाणू मरत नाहीत.