‘कुकडी’ची ‘तुतडी’ का होते?

जुन्नर तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत गुरुजींनी विचारले, “आपल्या तालुक्यातील एका नदीचे नाव सांगा.” तिसरीतला एक मुलगा उत्साहाने उठला नि म्हणाला, “तुतडी!” सारा वर्ग हसला. मुलगा खाली बसला आणि तासभर त्याने पुन्हा हात वर केला नाही. विद्यार्थी मित्रहो, त्याचा भूगोल कच्चा नव्हता. त्याची जीभ फक्त चुकीच्या जागी टेकत होती.

‘क, ट, त, प’ सावकाश म्हणून पाहा. ‘क’च्या वेळी जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकतो. ‘ट’ला जिभेचे टोक वर वळते, ‘त’ला ते वरच्या दातांमागे लागते आणि ‘प’ला ओठ मिटतात. आपली वर्णमाला म्हणजे तोंडाचा नकाशाच आहे! आपला मित्र ‘क’साठी जिभेच्या मागच्या भागाऐवजी टोक वापरतो.

मग त्याला शिकवायचे कसे? आधी कान तयार करावा. ‘कार’ आणि ‘तार’ हे शब्द आपण म्हणावेत. ‘कार’ ऐकू आल्यास त्याने एक खडा डब्यात टाकावा. फरक ओळखू येऊ लागला की त्याला आरशासमोर बसवावे. स्वतःच्या स्वच्छ बोटाने जिभेचे टोक खालच्या दातांमागे हलकेच दाबून धरून त्याने ‘क’ म्हणावे. टोक अडले की मागचा भाग उचलला जातो. ‘क’ जमला की ‘का, की, कू’, मग ‘काका’, ‘नाक’, ‘कुकडी’, मग वाक्य आणि शेवटी गप्पा. ही पायरी चुकवू नये. रोज दहा मिनिटे पुरतात.

इतर वर्णांसाठीही साधी उपकरणे आहेत. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा. ‘क’ला ती जेमतेम हलते, ‘ख’ला चांगली फडफडते. ‘खोडद’चे ‘कोडद’ करणाऱ्याला हा फरक डोळ्यांनी दिसतो. नाकाखाली थंड आरसा धरून ‘म्‌म्‌म्’ म्हटले, तर नाकातून येणाऱ्या वाफेने तो धुरकटतो, ‘स्‌स्‌स्’ला नाही. आता गळ्यावर हात ठेवा. ‘म्‌म्‌म्’ला कंप जाणवतो, कारण स्वरतंतू सेकंदाला शंभराहून अधिक वेळा थरथरतात. ‘स्‌स्‌स्’ला ते स्वस्थ असतात.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. आंबेगाव-जुन्नरकडे कितीतरी घरांत ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतात. ती बोली आहे, दोष नव्हे. तसेच ‘र’ हा वर्ण बहुतेक मुलांना उशिरा येतो. चार वर्षांच्या मुलाने ‘शिवनेली’ म्हटले तर घाबरू नये.

परंतु अनेक वर्ण चुकत असतील, बोलणे नाकातून येत असेल किंवा हाक ऐकू येत नसेल, तर आधी श्रवण तपासून घ्यावे. ‘स’चा ध्वनी उच्च वारंवारतेचा असतो, तोच ऐकू येत नसेल, तर मूल तो उच्चारणार कसे? 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा-अंगणवाड्यांत मुलांची तपासणी करतात. शिक्षकांनी अशी मुले त्यांना अवश्य दाखवावीत. वाचा व श्रवण या विषयाला वाहिलेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था मुंबईत 1983 पासून आहे.

आणि तुम्ही काय करावे? पुढच्या वेळी वर्गात कुणी ‘तुतडी’ म्हणाला, तर हसू नका. त्याचे उत्तर बरोबर आहे, एवढे आधी त्याला सांगा.