सूक्ष्मदर्शकाची पारख

सूक्ष्मदर्शक विकत घ्यावयास निघालेल्या मनुष्याच्या तोंडी पहिला प्रश्न हटकून येतो तो हा, की "हे यंत्र वस्तू किती पट मोठी दाखविते?" प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु चुकीच्या खरेदीचे मूळ बहुधा त्यातच असते. मोठे दिसणे आणि स्पष्ट दिसणे या दोन गोष्टी एक नव्हेत. वर्तमानपत्रातील छायाचित्र भिंगाखाली धरले, तर त्यातील चेहरा अधिक ओळखू येत नाही. शाईचे ठिपके तेवढे मोठे होतात.

लगतचे दोन बिंदू वेगळे दाखविण्याच्या शक्तीस विभेदनक्षमता म्हणतात. वस्तूपासून निघालेले किरण पदार्थभिंग किती रुंद कोनातून गोळा करते, यावर आणि प्रकाशाच्या तरंगलांबीवर ही शक्ती अवलंबून असते, हे जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे याने १८७३ मध्ये दाखवून दिले. भिंगाच्या या गुणाचे माप म्हणजे न्यूमरिकल अॅपर्चर. हा आकडा पदार्थभिंगावर पटीच्या आकड्याशेजारीच कोरलेला असतो. परंतु गिऱ्हाईक तिकडे क्वचितच पाहते. हिरव्या प्रकाशात ०.६५ अॅपर्चरचे ४० पटींचे भिंग सुमारे ०.४२ मायक्रोमीटर अंतरावरचे बिंदू वेगळे दाखवील, तर १.२५ अॅपर्चरचे १०० पटींचे तैलभिंग ०.२२ मायक्रोमीटर अंतरावरचे. एकूण पट अॅपर्चरच्या हजारपटीपलीकडे नेण्यात अर्थ नसतो, असा स्थूल नियम आहे. त्या हिशेबाने १.२५ अॅपर्चरच्या भिंगाची उपयुक्त मर्यादा १,२५० पट होय. त्यावर २५ पटींची नेत्रिका चढवून "२,५०० पट" असे जाहीर करता येते, पण नजरेस नवे काही पडत नाही.

हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. क्षयाचा जंतू लांबीने दोन ते चार मायक्रोमीटर, पण रुंदीने अर्ध्या मायक्रोमीटरच्या आतबाहेर असतो. थुंकीच्या एका मिलिलिटरात असे पाचदहा हजार जंतू असले, तरच काचपट्टीवर ते सापडण्याचा संभव. तेथे भिंग अंधुक असेल, तर रोगी "निर्दोष" ठरून घरी जातो आणि आपल्याबरोबर घरच्यांनाही संकटात लोटतो. आज रेणवीय चाचण्या आल्या असल्या, तरी सूक्ष्मदर्शकाचे काम संपलेले नाही. अशा प्रयोगशाळेने तैलभिंगावर काटकसर करू नये. जंतू चमकविणाऱ्या प्रकाशासाठी जुन्या पाऱ्याच्या दिव्याऐवजी एलईडी वापरावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये केली. हा दिवा दीर्घकाळ टिकतो आणि वीज बेभरवशाची असेल तेथे बॅटरीवरही चालतो.

कारखान्याची गरज मात्र निराळी. धातूतून प्रकाश आरपार जात नाही. म्हणून तेथे वरून प्रकाश टाकणारा धातुपरीक्षक सूक्ष्मदर्शकच हवा. कोल्हापूरसारख्या ठिकाणच्या ओतशाळेत बिडाचा तुकडा घासून चकचकीत केला, म्हणजे त्यातील ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखे आहे की गोळ्यांसारखे, हे त्याखाली कळते. पापुद्रे असतील तर बीड ठिसूळ, गोळ्या असतील तर चिवट. यंत्राचा भाग ताण सोशील की नाही, हे त्यावरच ठरते. उलट, विजेच्या मंडलांवरील डाख तपासणाऱ्यास दहा ते चाळीस पट पुरेत. त्याला खोली दाखविणारा आणि हात व हत्यार चालविण्यापुरती जागा ठेवणारा द्विनेत्री स्टिरिओ सूक्ष्मदर्शक लागतो. हजार पटींचे महागडे यंत्र त्याच्या उपयोगाचे नाही.

साहित्याची गोष्टही क्षुल्लक समजू नये. बहुतेक उच्च शक्तीची कोरडी भिंगे ०.१७ मिलिमीटर जाडीच्या आच्छादक काचेसाठी घडविलेली असतात. काच जाड मिळाली की उत्तम भिंगही धूसर दाखविते. तैलभिंगास त्याचेच तेल हवे, स्वयंपाकघरातले नव्हे. कंडेन्सर नीट जुळविता येत नसेल, तर भिंगाचे अर्धे मोल वाया जाते. मापे घ्यावयाची असतील, तर एका मिलिमीटरचे शंभर भाग पाडलेली प्रमाण काचपट्टी खरेदीबरोबरच मागवावी.

आपल्या हवेचाही विचार केला पाहिजे. रोनाल्ड रॉस याने १८९७ मध्ये सिकंदराबादेस डासाच्या पोटात हिवतापाचा परोपजीवी शोधला, तेव्हा त्याच्या घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. आजही पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढते आणि तिचा डाग कायमचा राहतो. कोरडे कपाट, वेळोवेळी तापवून सुकविलेले सिलिका जेल आणि भिंगे पुसण्याचा खास कागद यांचा खर्च यंत्राच्या मानाने नगण्य असतो.

सार्वजनिक पैशाने खरेदी करणाऱ्यांनी एक पथ्य अवश्य पाळावे. निविदेत पटीचा आकडा लिहून स्वस्थ बसू नये; अॅपर्चर, प्रकाशाचा प्रकार, सुटे भाग आणि दुरुस्तीची हमी या गोष्टी स्पष्ट नोंदवाव्यात. यंत्र ताब्यात घेण्यापूर्वी, जो तंत्रज्ञ त्यावर रोज काम करणार, त्यालाच त्याच्या नेहमीच्या काचपट्ट्या घेऊन बसवावे. कागदावर सर्वांत स्वस्त ठरलेले यंत्र कपाटात पडून राहिले, तर त्याहून महाग काही नाही.