पाण्याकाठी तंबू ठोकण्याआधी

थंडी पडू लागली की धाराशिव, तुळजापूर, सोलापूरकडची तरुण मंडळी तंबू घेऊन तलावांचे काठ गाठतात. नळदुर्गजवळचं बोरी धरण, परांडा भागातलं सीना-कोळेगाव, लोहारा तालुक्यातलं माकणी, शिवाय गावोगावचे साठवण तलाव. बालाघाटच्या माळावर दूरवर दिवा दिसत नाही आणि आभाळ ताऱ्यांनी भरून येतं. लोकांनी आपल्या जिल्ह्यातल्या या जागा पाहाव्यात असं मला मनापासून वाटतं. मात्र त्यांच्याबद्दलचे काही समज जिवावर बेतणारे आहेत. इथलं जवळपास प्रत्येक पाणी माणसाने अडवलेलं आहे आणि वर्षभर कामाला जुंपलेलं आहे, हे ध्यानात घेतलं की त्यातले बरेचसे आपोआप गळून पडतात.

‘आपला भाग म्हणजे वाळवंट. इथं पुराची कसली भीती?’

ढोबळ मानाने वर्षाला २५० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पडतो त्या प्रदेशाला वाळवंट म्हणतात. लेहला जेमतेम शंभर मिलिमीटर पडतो. धाराशिवची सरासरी सातशेच्या आसपास आहे. तरी दुष्काळ पडतो, कारण हा पाऊस मोजक्या दिवसांत कोसळतो, मधे मोठे खंड पडतात आणि खालच्या काळ्या पाषाणात फारसं पाणी मुरत नाही. नेमक्या याच कारणांनी इथले ओढे एका रात्रीत फुगतात. २०२५च्या सप्टेंबरात परांडा-भूम भागात सीनेला आणि तिच्या ओढ्यांना असा पूर आला की माणसं हेलिकॉप्टरने बाहेर काढावी लागली. तुमच्या डोक्यावर चांदणं असताना वरच्या अंगाला पाऊस चालू असू शकतो. परतीचा पाऊस संपेपर्यंत सांडव्याखाली, नदीपात्रात किंवा ओढ्याच्या तोंडाशी तंबू ठोकूच नये.

‘काठाला पाणी उथळच असतं.’

सगळ्यात जास्त घात करणारा समज हाच. राज्य सरकारने २०१७मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली. उन्हाळ्यात तलावाच्या तळातला गाळ पोकलेनने उपसायचा आणि ट्रॅक्टरने शेतात नेऊन पसरायचा. योजना चांगली आहे. तलावाची साठवण वाढते आणि मुरमाड रानाला कस येतो. पण पोकलेन जिथे लागतं तिथे उभ्या कडेचा खड्डा राहतो. पावसाळ्यात पाणी चढलं की तो झाकला जातो आणि गढूळ पाण्यात वरून काहीच कळत नाही. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस पुढच्या पावलाला डोक्याएवढ्या पाण्यात जातो. कडेची ओली माती हाताला धरवत नाही, पायाखाली गाळ रुततो. पट्टीच्या पोहणाऱ्याचाही इथे धीर सुटतो.

म्हणून तलावावर पोचल्यावर पहिलं काम म्हणजे बांधावरच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारणं, ‘मामा, यंदा गाळ कुठनं काढला?’ ते बोट करून जागा दाखवतात. कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी घेऊ नका. दोर, साडी, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे हाताशी असेल ते फेका.

‘पाणी ओसरलेली जागा कुणाचीच नसते.’

ती जमीन प्रकल्पासाठी संपादित झालेली असते, म्हणजे सरकारची. पाणी मागे हटलं की तिथे शेतकरी गाळपेर करतात. ओलीवर हरभरा येतो, टरबूज येतं, जनावरांचा चारा येतो. गाडी थेट पाण्यापर्यंत नेण्याच्या हौसेत कुणाच्या तरी उगवत्या पिकावरून चाकं जातात.

तिथेच दुसरा धोका आहे. काठावर मोटारींची रांग असते आणि त्यांच्या केबली गवतातून, चिखलातून गेलेल्या असतात. कुठे जोडाला नुसती टेप गुंडाळलेली. शेतीपंपांना वीज पाळीपाळीने मिळते, बऱ्याचदा रात्री. दुपारी निर्जीव वाटलेल्या केबलीत मध्यरात्री प्रवाह असतो. केबल ओलांडून तंबू लावू नका, तिच्यावर कपडे वाळत घालू नका, आणि अंधारात ओल्या काठाने अनवाणी फिरू नका.

‘पाणी नितळ आहे, तुरटी फिरवली की झालं.’

तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. खळखळून उकळी आल्यावर पाणी आणखी मिनिटभर उकळू द्यावं. पाण्यावर हिरवी साय धरली असेल तर तेही पुरेसं नाही, कारण काही शेवाळांचं विष उकळूनही जात नाही. पिण्याचं पाणी घरून नेलेलं बरं. बोरीचं पाणी नळदुर्ग-तुळजापूरकरांच्या घरात जातं, त्यामुळे काठावर साबण लावून आंघोळ नको आणि शौचाला पाण्यापासून शे-दीडशे पावलं दूर जावं.

‘थंडी लडाखला, आपल्याकडे चादर पुरते.’

पँगाँग तलाव चार हजार मीटरच्या वर आहे. तिथल्या विरळ हवेचा त्रास सहाशे-साडेसहाशे मीटरवरच्या बालाघाटावर होत नाही, हे खरं. पण डिसेंबर-जानेवारीत कोरड्या हवेमुळे आणि निरभ्र आभाळामुळे जमीन झपाट्याने निवते आणि गार हवा उतारावरून तलावाच्या खोलगट भागात येऊन साचते. काठापेक्षा थोडं वर, टेपाडावर झोपलेलं उबदार. शेकोटीतले निखारे घमेल्यात घालून तंबूत मात्र कधीही नेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो.

‘तंबूभोवती कार्बोलिक टाकलं की साप येत नाही.’

त्याचा काही उपयोग होत नाही. भेगाळलेली काळी रानं आणि दगडांचे बांध ही साप-विंचवांची घरंच आहेत. तंबूची चेन पूर्ण लावणं आणि सकाळी बूट झटकून घालणं, हाच खरा उपाय. मण्यार रात्री फिरतो आणि त्याचा दंश अनेकदा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखू लागलं, पापण्या जड झाल्या, तर उजाडायची वाट पाहू नका. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवले. ते वेळेत मिळणं महत्त्वाचं. दंशाची जागा कापणं, आवळून बांधणं, मंत्र घालणं, सगळं टाळा आणि १०८ला फोन करा.

वन्यप्राण्यांचं म्हणाल, तर २०२४च्या डिसेंबरात येडशी-रामलिंग अभयारण्यात यवतमाळच्या टिपेश्वरहून आलेला वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला. त्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री थांबता येत नाही. धरणावर थांबायचं तर पाटबंधारे विभागाच्या शाखा कार्यालयात आधी विचारावं आणि जवळच्या गावच्या पोलीस पाटलांना नावं व गाडीचा नंबर देऊन ठेवावा.