‘वती’ अंती असलेली काही विरळ कन्यानामे

कन्येचे नाव योजताना पद्मावती, लीलावती या परिचित नावांपलीकडे ज्यांची दृष्टी जात नाही, अशा आईबापांनी भारतवर्षातील नद्यांचे दप्तर एकवार उघडून पाहावे, अशी या विषयाचा छंद जडलेल्या माझी सविनय शिफारस आहे. कारण नादमधुर, तरीही शाळेच्या हजेरीपटावर क्वचितच आढळणारी नावे तेथे विपुल आहेत. ‘युगान्त’कर्त्या इरावती कर्वे १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या आणि तेथील महानदीचेच नाव त्यांना लाभले, त्या नावाला महाराष्ट्रात आज जी प्रतिष्ठा आहे, ती बहुतांशी त्यांच्याच विद्वत्तेची मिळकत होय. जोगचा धबधबा जिच्या प्रवाहाने घडला ती शरावती, राधानगरीचे धरण जिच्यावर उभे आहे ती कोल्हापूरची भोगावती. मला स्वतःला मात्र मेघदूतात विदिशेजवळ भेटणारी वेत्रवती, म्हणजे आजची बेतवा, सर्वांत प्रिय. हाक मारण्यास ‘वेत्रा’ पुरे. मनुस्मृतीने सरस्वतीसह ब्रह्मावर्ताची सीमा ठरविलेली दृषद्वती अर्थाने पाषाणमयी आणि उच्चारानेही तशीच, तेव्हा बाळाच्या आजीचा कौल घेतल्याखेरीज जन्मनोंदणीच्या अर्जावर ती लिहू नये. चर्मण्वती, अर्थात चंबळ, नावातल्या चामड्यामुळे बादच.