गव्हाच्या पेशीतला राखणदार



तांबेरा हा गव्हाचा जुना वैरी. एका रानात तो फोफावतो, तर शेजारच्या रानातला दुसरा वाण ताठ उभा राहतो. "हा वाण प्रतिकारक आहे," असे आपण म्हणतो. पण हा प्रतिकार करते कोण?

आपल्या अंगात रोगजंतू शिरले, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून जातात. झाडाला ना रक्त, ना फिरत्या पेशी. म्हणून तिथे प्रत्येक पेशीला आपली राखण आपणच करावी लागते.

तांबेऱ्याचा बीजाणू वाऱ्यावर येतो, ओल मिळताच रुजतो, पानाच्या रंध्रातून आत शिरतो आणि पेशीत आपले शोषक अवयव रोवतो. मग तो काही प्रथिने पेशीत सोडतो. चोराने भाकरीचा तुकडा टाकून कुत्र्याला गप्प करावे, तसा हा प्रकार! पण प्रतिकारक वाणात पेशीच्या आत राखणदार प्रथिने असतात. काळ्या तांबेऱ्याला ओळखणारे असे एक प्रथिन म्हणजे 'एसआर ३५'. त्याचे काम २०२२ साली शास्त्रज्ञांनी उलगडून दाखवले. चोराचे प्रथिन हाती लागताच पाच राखणदार एकत्र येऊन कडे करतात. त्या कड्यातून कॅल्शियम आत येते आणि ती पेशी मरते. तांबेरा जिवंत पेशीवरच जगतो, त्यामुळे त्याची उपासमार होते. एक पेशी जाते, पीक वाचते.

माणसाच्या पेशींतही याच धाटणीचे राखणदार आहेत. त्यांतला 'नॉड २' जिवाणूंच्या भिंतीचा तुकडा ओळखतो.

मात्र गव्हाचा राखणदार ठरावीक चोरालाच ओळखतो. चोराने वेश बदलला, की तो फसतो. राय या धान्यातून गव्हात आणलेल्या 'एसआर ३१' ने अनेक देशांत वर्षानुवर्षे पीक राखले. पण युगांडात आढळलेल्या आणि १९९९ साली ओळख पटलेल्या 'यूजी ९९' तांबेऱ्यापुढे तो निष्प्रभ ठरला.

म्हणून वाण एकदा प्रतिकारक ठरला, की कायमचा निर्धास्त, असे समजू नका. कृषी विद्यापीठाने शिफारस केलेले वाण घ्या, सगळे रान एकाच वाणाखाली ठेवू नका, पेरणी वेळेवर करा. पिकात फेरी मारताना पानावर आणि खोडावर बोट फिरवून पाहा. बोटाला तांबूस भुकटी लागली, तर लगेच कृषी सहायकाला दाखवा.