पुतळीमाळ आणि चौलचा सागरी व्यापार

चौलच्या व्यापाराचा इतिहास लिहिताना शिलालेख व प्रवासवृत्ते यांचा आधार घेण्यात येतो. स्त्रियांच्या गळ्यातील पुतळीमाळेकडे मात्र त्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. वस्तुतः पुतळी हे मूळचे व्हेनिसचे दुकात नाणे होय. त्याच्या एका बाजूस संत मार्कापुढे गुडघे टेकलेला तेथील शास्ता, म्हणजे दोज, व दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनी वेढलेला ख्रिस्त असतो. या मनुष्याकृतींवरूनच आपल्याकडे हे नाव रूढ झाले. १२८४ पासून पाडलेल्या या नाण्याचे वजन सुमारे साडेतीन ग्रॅम असून सोने जवळजवळ निर्भेळ असे.

पश्चिम किनाऱ्यावरील मालाच्या मोबदल्यात देण्याजोगे पाश्चात्त्यांजवळ सोन्यारुप्याखेरीज फारसे नव्हते. ते तांबड्या समुद्रातून व होर्मुझमार्गे येथील बंदरांत येई. १५६३ साली प्रवासास निघालेला व्हेनिसचा व्यापारी सेझारे फेदेरिची याने चौलचे वर्णन केले आहे.

सोनाराने नाण्यास डाख देऊन नाके बसविले की चलनाचा अलंकार होई. पुढे देशी ठशांवर अनुकरणे निघाली. त्यांत लॅटिन अक्षरांच्या निरर्थक रेघा झालेल्या दिसतात. अस्सल नाण्यावर दोजाचे नाव असते व त्यावरून नाण्याचा काळ ठरतो. माळेचा नव्हे, कारण ती पुष्कळ नंतरही ओवलेली असू शकते. जुनी माळ मुशीत गेली की हा पुरावा कायमचा नाहीसा होतो. म्हणून मोडीस देण्यापूर्वी प्रत्येक पुतळीचे वजन व दोन्ही बाजूंची छायाचित्रे अवश्य घ्यावीत.